जर्मनीतले निर्वासित आणि रोजगार : दहा वर्षांनंतरचा हिशोब

२०१५ सालचा सप्टेंबर महिना अनेकांना आठवत असेल. सीरिया, इराक आणि अफगाणिस्तानातून निघालेली माणसं हंगेरीतून पायी निघाली होती, म्युनिकच्या रेल्वे स्टेशनवर उतरत होती आणि तिथले लोक हातात पाण्याच्या बाटल्या, खेळणी घेऊन उभे होते. त्याआधी काही दिवस, ३१ ऑगस्टला, चान्सलर अँगेला मर्केल यांनी 'आपल्याला हे जमेल' अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं होतं. त्या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रय मागायला जर्मनीत पोहोचले. २०१६ मध्ये आश्रयाचे ७ लाख ४५ हजारांहून जास्त अर्ज दाखल झाले. त्यांतले बहुतेक लोक मुस्लिम होते.

तेव्हापासून एक प्रश्न जगभर विचारला जातोय. या लोकांचं पुढे काय झालं? ते कामाला लागले का, की सरकारी मदतीवरच राहिले? आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर याची दोन ठरलेली उत्तरं फिरतात. 'सगळे बसून खातात' हे एक आणि 'सगळे डॉक्टर-इंजिनिअर झाले' हे दुसरं. दोन्ही चुकीची आहेत. दहा वर्षांनंतर आता खरी आकडेवारी हाती आहे. या लेखात आम्ही ती सोप्या भाषेत मांडतोय. निर्वासित माणूस परक्या देशात कामाला कसा लागतो, त्याला किती वेळ लागतो, काय आडवं येतं आणि कोण मागे राहतं, हे वाचकांना एका जागी मिळावं हा आमचा हेतू आहे.

आधी शब्द समजून घेऊ

'निर्वासित' आणि 'स्थलांतरित' हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. नोकरीच्या बाबतीत मात्र दोघांत मोठा फरक आहे. जो नोकरीसाठी दुबईला किंवा बर्लिनला जातो, तो आधी तयारी करतो. भाषा शिकतो, सर्टिफिकेट गोळा करतो, कंपनीचं पत्र हातात आल्यावर विमानात बसतो. निर्वासिताला यातलं काहीच करता येत नाही. तो जीव वाचवायला निघालेला असतो. कुठल्या देशात पोहोचू हेही त्याला ठाऊक नसतं. डिग्रीची कागदपत्रं घरासोबत जळालेली असतात किंवा समुद्रात गेलेली असतात. त्यामुळे जगात सगळीकडे निर्वासित हे इतर स्थलांतरितांपेक्षा उशिरा कामाला लागतात. हा आळशीपणा नाही. त्यांची सुरुवातच शून्याच्या मागून होते.

१९५१ च्या जिनिव्हा करारात निर्वासितांच्या कामाचाही विचार केलेला आहे. कराराचं कलम १७ पगारी नोकरीबद्दल आणि कलम २४ कामगार कायद्याच्या संरक्षणाबद्दल आहे. पण करारावर सही केली म्हणजे काम मिळालंच असं होत नाही. कायद्यातला हक्क आणि बाजारातली नोकरी यांच्यामध्ये बरीच मोठी वाट आहे.

जर्मनीला हा अनुभव नवा नव्हता

जर्मनीने हे पहिल्यांदाच केलं असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून हाकलून दिलेले सुमारे १ कोटी २० लाख जर्मन लोक उरलेल्या जर्मनीत आले. त्यांपैकी जवळपास ८० लाख पश्चिम जर्मनीत राहिले. त्यांची भाषा तीच, बहुतेकांचा धर्म तोच, नागरिकत्वही तेच. तरी 'हे बाहेरचे' म्हणून त्यांनाही हिणवलं गेलं. १९५२ मध्ये सरकारने युद्धात ज्यांची मालमत्ता वाचली त्यांच्यावर कर लावून ज्यांचं सगळं गेलं त्यांना भरपाई देणारा कायदा केला. तरीही १९७१ च्या आकडेवारीवरून झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पाव शतकानंतरसुद्धा या विस्थापितांचं उत्पन्न आणि घरमालकी स्थानिकांपेक्षा सरासरीने कमीच होती. भाषा आणि धर्म एक असलेल्यांना इतका काळ लागला, तर सीरियाहून आलेल्याकडून दोन वर्षांत सगळं जुळवण्याची अपेक्षा कितपत रास्त, याचा विचार वाचकांनीच करावा.

पुढे १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार झाला. हे 'पाहुणे कामगार' होते, निर्वासित नव्हते. त्यांना पहिल्या दिवसापासून काम होतं, पण भाषा शिकवण्याची कुणाला गरज वाटली नाही, कारण ते परत जाणार असं गृहीत धरलेलं होतं. १९७३ मध्ये भरती बंद झाली. बरेच जण परतले, पण लाखो लोक तिथेच राहिले आणि त्यांनी कुटुंबं बोलावून घेतली. कारखाने बंद पडले तेव्हा भाषा नसलेली ही पिढी अडकली. १९९० च्या दशकात बोस्नियाच्या युद्धातून तीन लाखांहून जास्त लोक आले. त्यांना फक्त 'तात्पुरतं सहन करू' असा दर्जा दिला गेला आणि १९९५ च्या डेटन करारानंतर बहुतेकांना परत पाठवलं गेलं. म्हणजे एका पिढीला काम दिलं पण भाषा दिली नाही, आणि दुसरीला आसरा दिला पण भविष्य दिलं नाही. २०१५ नंतरची धोरणं या दोन्ही अनुभवांतून आली आहेत.

आल्यापासून नोकरीपर्यंतची वाट

एखादा माणूस जर्मनीत उतरला की पुढे काय होतं? टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा नोंदणी आणि वाटपाचा. कुणाला कुठल्या राज्यात पाठवायचं हे ठरलेल्या सूत्राने होतं. त्याला 'क्योनिगस्टाइन सूत्र' म्हणतात. राज्याच्या करउत्पन्नाला दोन तृतीयांश आणि लोकसंख्येला एक तृतीयांश वजन दिलं जातं. राज्यांवरचा भार सारखा वाटण्यासाठी हे सोयीचं आहे. पण तिथे त्या माणसाच्या हाताला काम आहे का, हे यात बघितलंच जात नाही. त्यामुळे शिंपीकाम करणारा माणूस अशा खेड्यात पोहोचू शकतो जिथे शिंप्याचं दुकानच नाही. भर म्हणून २०१६ च्या एकात्मीकरण कायद्याने, आश्रय मंजूर झाल्यावरही तीन वर्षं त्याच राज्यात राहण्याचं बंधन घातलं. नोकरी किंवा प्रशिक्षण मिळालं तर सूट मिळते. पण नोकरी शोधायला मोठ्या शहरात जाऊन राहायचं, तर त्यासाठी आधी नोकरीच हातात हवी, असा तो पेच आहे.

दुसरा टप्पा वाट पाहण्याचा. आश्रयाच्या अर्जावर निर्णय व्हायचा असतो. पहिले तीन महिने तर कामाला बंदीच आणि सरकारी निवारा केंद्रात राहावं लागलं तर ही बंदी आणखी लांबते. आधी अजून एक अट होती. त्या जागेसाठी जर्मन किंवा युरोपीय उमेदवार नाही याची खात्री रोजगार कार्यालय करून घ्यायचं आणि मगच निर्वासिताला परवानगी मिळायची. ही अट २०१६ मध्ये बहुतेक भागांत स्थगित झाली आणि २०१९ मध्ये काढून टाकली गेली.

तिसरा टप्पा भाषेचा. सरकारी 'एकात्मीकरण कोर्स' साधारण ७०० तासांचा असतो. त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास देशाचा कायदा, इतिहास, समाज. यातून बी-१ पातळी गाठायची असते. बी-१ म्हणजे बाजारहाट, दवाखाना, शेजाऱ्याशी बोलणं जमेल इतकी भाषा. ऑफिसात किंवा हॉस्पिटलात काम करायचं तर बी-२ किंवा सी-१ लागतं आणि ते या कोर्समध्ये येत नाही. त्यासाठी वेगळे कोर्स करावे लागतात.

चौथा टप्पा हुनर सिद्ध करण्याचा. आम्हाला वाटतं, बाहेरच्या माणसाला सगळ्यात कमी समजलेला टप्पा हाच आहे.

वीस वर्षांचा अनुभव, पण कागद कुठाय?

जर्मनीत जवळपास प्रत्येक कामाला प्रमाणपत्र लागतं. तिथे 'आउसबिल्डुंग' नावाची व्यवस्था आहे. दोन ते साडेतीन वर्षं उमेदवार आठवड्याचे काही दिवस कंपनीत प्रत्यक्ष काम करतो आणि काही दिवस व्यवसाय शाळेत शिकतो. त्या काळात त्याला विद्यावेतन मिळतं. शेवटी परीक्षा होते आणि मग तो अधिकृत सुतार, इलेक्ट्रिशियन, बेकरीवाला किंवा परिचारक ठरतो. आपल्याकडच्या आयटीआयसारखंच, पण कारखान्याशी फार घट्ट बांधलेलं.

आता अलेप्पोचा सुतार घ्या. वडिलांच्या दुकानात लहानपणापासून शिकला, वीस वर्षं काम केलं, हाताखाली चार कारागीर होते. त्याच्याकडे एकही कागद नाही, कारण त्याच्या देशात कुणी मागितलाच नाही. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कारागिराला किंवा मुंबईच्या जरीकाम करणाऱ्याला कुणी 'सर्टिफिकेट दाखव' म्हटलं तर जे होईल, तेच या सुताराचं होतं. जर्मनीच्या लेखी तो अकुशल कामगार. त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. एक, पस्तीस-चाळिशीत पुन्हा उमेदवारी करायची, तीन वर्षं कमी पैशांत राहायचं. दोन, लगेच गोदामात किंवा सफाईच्या कामाला लागायचं. घरी पैसे पाठवायचे असतात, येताना काढलेलं कर्ज फेडायचं असतं. बहुतेक जण दुसरा रस्ता धरतात. तो तात्पुरता म्हणून धरलेला असतो, पण पुष्कळदा कायमचा होतो.

शिकलेल्यांसाठी २०१२ पासून परदेशी पात्रतेला मान्यता देणारा कायदा आहे. त्याने अर्ज करण्याचा हक्क मिळाला, पण प्रक्रिया लांब आहे. डॉक्टरचंच उदाहरण पाहा. त्याला सामान्य जर्मन तर यायलाच हवी, शिवाय वैद्यकीय भाषेची सी-१ पातळीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. डिग्री समकक्ष ठरली नाही तर ज्ञान परीक्षा. मग परवाना. यात काही वर्षं सहज जातात. तरीही आज जर्मनीत सीरियन नागरिकत्व असलेले ५ हजारांहून जास्त डॉक्टर काम करतात. परदेशी डॉक्टरांमध्ये त्यांचा गट सगळ्यात मोठा आहे. लहान शहरांतली हॉस्पिटलं त्यांच्या जिवावर चालतात, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही.

शिक्षकांची गोष्ट याहून अवघड. जर्मनीत शाळेच्या शिक्षकाला सहसा दोन विषय शिकवावे लागतात आणि सीरियात शिक्षक एकाच विषयात पदवी घेतो. त्यामुळे पंधरा वर्षं गणित शिकवलेली बाईही अपात्र ठरते. पोट्सडाम विद्यापीठाने २०१६ मध्ये अशा शिक्षकांसाठी खास अभ्यासक्रम सुरू केला, पण असे प्रयत्न गरजेच्या मानाने थोडे आहेत.

दहा वर्षांनंतर आकडे काय म्हणतात?

न्यूरेंबर्ग इथली सरकारी रोजगार संशोधन संस्था, जिला 'आयएबी' म्हणतात, २०१६ पासून हजारो निर्वासितांना दरवर्षी भेटून माहिती घेते. तेच लोक, तेच घर, पुन्हा पुन्हा. म्हणून ही माहिती भरवशाची मानली जाते.

२०१५ मध्ये आलेल्यांपैकी कामाच्या वयातले ६४ टक्के लोक २०२४ मध्ये नोकरीत होते. सगळ्या जर्मनीत हे प्रमाण ७० टक्के आहे. म्हणजे नऊ वर्षांत फरक फक्त सहा टक्क्यांवर आला. पहिल्या वर्षात दहातला एकही धड कामाला नव्हता, हे लक्षात घेतलं तर ही वाटचाल मोठी आहे.

पुरुषांचं चित्र तर आणखी वेगळं. २०१५ ला आलेल्या पुरुषांपैकी ७६ टक्के कामावर आहेत आणि जर्मनीतल्या एकूण पुरुषांचं प्रमाण ७२ टक्के. 'बसून खातात' म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा.

पण पगार पाहिला की दुसरी बाजू दिसते. पूर्णवेळ काम करणाऱ्या या निर्वासितांचा मधला पगार २०२४ मध्ये महिना २,६७५ युरो होता. देशातल्या पूर्णवेळ कामगारांच्या मधल्या पगाराच्या तो साधारण ७० टक्के येतो. तिथे दोन तृतीयांशाच्या खालचा पगार 'अल्प वेतन' समजतात. म्हणजे निम्मे लोक या रेषेच्या आसपास किंवा तिच्या खाली आहेत. काम मिळालं, पण शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर. गोदामं, पार्सल वाटप, हॉटेलचं स्वयंपाकघर, सफाई, बांधकाम, वृद्धांची शुश्रूषा अशी ही कामं आहेत. कोरोनाच्या काळात 'अत्यावश्यक' म्हणून टाळ्या वाजवल्या गेल्या, त्यांतलीही बरीच हीच कामं.

आणखी एक गोष्ट आकडे वाचताना ध्यानात ठेवायला हवी. २०२४ मध्ये जर्मनीने २ लाख ९१ हजारांहून जास्त लोकांना नागरिकत्व दिलं आणि त्यांत ८३ हजारांहून जास्त सीरियन होते. नागरिकत्वासाठी भाषा आणि स्वतःची कमाई या अटी असतात. म्हणजे जे सगळ्यात चांगले स्थिरावले, तेच आधी नागरिक होतात आणि 'परदेशी' या रकान्यातून बाहेर पडतात. मागे उरलेल्यांचा आकडा मग आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. निर्वासितांची बेरोजगारी सांगणारी बातमी वाचताना हे विसरू नये.

बायका मागे का राहिल्या?

आता या हिशोबातला सगळ्यात दुखरा आकडा. २०१५ ला आलेल्या स्त्रियांपैकी फक्त ३५ टक्के २०२४ मध्ये नोकरीत होत्या. जर्मनीतल्या एकूण स्त्रियांचं प्रमाण ६९ टक्के. पुरुषांनी दरी भरून काढली, बायकांच्या बाबतीत ती तशीच राहिली.

याचं उत्तर देताना 'त्यांची संस्कृतीच तशी' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. कारणं नीट पाहिली तर गुंता दिसतो. बऱ्याच जणी लहान मुलं घेऊन आल्या किंवा आल्यावर त्यांना मुलं झाली. २०१३ पासून एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा अपुऱ्या आहेत. मूल ठेवायला जागा नाही म्हणून आई भाषेच्या वर्गाला जात नाही, भाषा नाही म्हणून काम नाही. घरात एकाच वेळी एकालाच कोर्स करता येत असेल, तर आधी नवऱ्याचा नंबर लागतो. ज्या शिकलेल्या होत्या त्यांतल्या अनेकींचा पेशा शिक्षिकेचा किंवा सरकारी नोकरीचा होता आणि परक्या देशात नेमकं त्याच पेशांत शिरणं सगळ्यात कठीण. काहींना आधी नोकरीचा अनुभवच नव्हता, हेही खरं आहे. पुरुषांनी घरातला वाटा उचलला नाही, हेही खरं आहे. ते लपवून चालणार नाही.

आणि मग हिजाबचा प्रश्न येतो. अर्थशास्त्रज्ञ डोरिस वाइखसेलबाउमर यांनी जर्मनीत केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १,५०० नोकऱ्यांना अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फोटोही एकाच तरुणीचा. बदललं फक्त नाव आणि डोक्यावरचा रुमाल. जर्मन नावाला १८.८ टक्के ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. तुर्की नावाला १३.५ टक्के. तुर्की नाव आणि हिजाब असलेल्या अर्जाला फक्त ४.२ टक्के. म्हणजे तेवढ्याच मुलाखती मिळवायला हिजाबवालीला साडेचार पट अर्ज करावे लागतील.

कायदा याबाबत काय म्हणतो? २००६ पासून जर्मनीत भेदभावविरोधी कायदा आहे. २०१५ मध्ये तिथल्या संघीय घटनात्मक न्यायालयाने शाळेतल्या शिक्षिकांवर सरसकट हिजाबबंदी घालता येणार नाही असा निकाल दिला. २०२० मध्ये संघीय कामगार न्यायालयाने बर्लिनच्या एका प्रकरणात मुस्लिम उमेदवाराच्या बाजूने निर्णय दिला. पण खासगी कंपन्यांना युरोपीय न्यायालयाने २०१७ आणि २०२१ च्या निकालांत काही अटींवर 'सगळ्या धार्मिक खुणांना मनाई' असा नियम करायची मुभा ठेवली आहे. त्यामुळे कोर्टात जिंकलेला हक्क दुकानाच्या काउंटरवर पोहोचतोच असं नाही.

हे वाचून आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी असाच प्रयोग केला होता आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातल्या जाहिराती पाहून खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. नाव वाचून बाजूला ठेवलेला अर्ज काय असतो, हे आपल्या घराघरातल्या पोरांना माहीत आहे.

वाट पाहायला लावण्याची किंमत

या सगळ्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सुरुवातीला फुकट गेलेला वेळ नंतर भरून निघत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या आश्रयार्थींवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आश्रयाच्या निर्णयासाठी वाट पाहण्यात गेलेल्या प्रत्येक जादा वर्षामागे पुढे नोकरी लागण्याचं प्रमाण ४ ते ५ टक्के बिंदूंनी घटतं, असं त्यात दिसलं. माणूस तोच, हुनर तेच. पण रिकामं बसून, 'उद्या पाठवतील का' या विचारात, त्याची उमेद खचते.

जर्मनीचा अनुभव याहून बोलका आहे. १९९९-२००० च्या सुमारास आलेल्या युगोस्लावियाच्या निर्वासितांपैकी काहींना, कायदा बदलल्यामुळे, इतरांपेक्षा सात महिने जास्त कामबंदी सोसावी लागली. फक्त सात महिने. पाच वर्षांनी पाहिलं तर त्यांचं नोकरीतलं प्रमाण दुसऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के बिंदूंनी कमी होतं. ही दरी बुजायला दहा वर्षांपर्यंत काळ लागला. मदतीवरचा खर्च आणि बुडालेला कर मिळून सरकारला वर्षाला सरासरी ४ कोटी युरोंचा फटका बसला, असा संशोधकांचा हिशोब आहे. 'आधी काम करू देऊ नका' म्हणणारे स्वतःच्याच करदात्याच्या खिशाला हात घालत असतात, हे यावरून कळतं.

याउलट ज्या गोष्टींनी फायदा झाला त्याही स्पष्ट आहेत. लवकर निर्णय, पूर्ण केलेला भाषेचा कोर्स, रोजगार कार्यालयाचा वैयक्तिक सल्ला आणि राहण्याची खात्री. २०१६ च्या कायद्यातला 'तीन अधिक दोन' नियम इथे महत्त्वाचा आहे. आश्रय नाकारला गेलेला तरुणसुद्धा आउसबिल्डुंगला लागला, तर तीन वर्षं प्रशिक्षण आणि नंतर दोन वर्षं नोकरी, तेवढा काळ त्याला परत पाठवत नाहीत. हा नियम छोट्या कारखानदारांनीच लावून धरला होता. पोराला शिकवायचं आणि मग पोलिसांनी त्याला उचलून न्यायचं, हे त्यांना परवडणारं नव्हतं.

इतर देशांत काय चाललंय?

जर्मनी श्रीमंत आहे, तिथे कामगारांची टंचाई आहे, ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. तुर्कस्तानने एका वेळी ३५ लाखांहून जास्त सीरियन सांभाळले. तिथे जानेवारी २०१६ मध्ये कामाच्या परवान्याचा नियम झाला, पण परवाना मालकाने काढायचा आणि एका ठिकाणी सीरियन कामगार साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. परिणाम असा की बहुतेक लोक शिलाई कारखान्यांत, शेतांत, बांधकामावर बिनकागदाचं काम करत राहिले. किमान वेतन नाही, विमा नाही.

बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत राहणाऱ्या रोहिंग्यांना तर छावणीबाहेर रीतसर काम करायची परवानगीच नाही. भारताने १९५१ च्या करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. म्हणून इथे आलेल्या माणसाचा कामाचा हक्क तो कुठून आला आणि सरकार त्याच्याकडे कसं बघतं यावर ठरतो.

आता पुढे काय?

८ डिसेंबर २०२४ ला दमास्कसमध्ये असद राजवट कोसळली. दुसऱ्याच दिवशी जर्मनीने सीरियन लोकांच्या आश्रयाच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले आणि 'आता परत जा' अशी भाषा राजकारणात सुरू झाली. त्याच आठवड्यात हॉस्पिटलवाल्यांनी इशारा दिला की सीरियन डॉक्टर गेले तर अडचण होईल. अडीच लाखांहून जास्त सीरियन तिथे नोकरीत आहेत. दहा वर्षं 'यांना काम का नाही' असं विचारणारेच आता 'यांच्या जागी कोण' असं विचारताना दिसतात.

२०२५ मध्ये नवं सरकार आलं आणि ज्यांना दुय्यम दर्जाचं संरक्षण आहे त्यांना कुटुंब बोलावून घेण्यावर दोन वर्षांची स्थगिती आली. यात बरेच सीरियन येतात. ज्याची बायको-मुलं दूर आहेत, तो माणूस तीन वर्षांचं प्रशिक्षण घेत नाही. तो मिळेल ते काम करून पैसे पाठवतो. नव्या अटींचा परिणाम आकड्यांत दिसायला आणखी काही वर्षं जातील, पण मागचा अनुभव पाहता तो चांगला असेल असं आम्हाला वाटत नाही.

आपल्या तरुणांनी यातून काय घ्यावं?

शेवटी आपल्या वाचकांच्या कामाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. परिचारक, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, वेल्डर अशा कामांसाठी. आपले तरुण निर्वासित म्हणून जाणार नाहीत, पण दार तेच आहे. सीरियन तरुणांनी दहा वर्षांत ठेचा खाऊन जे शिकलं, ते आपल्याला इथे बसून शिकता येतं.

पहिली गोष्ट भाषा. बी-१ वर काम मिळतं, बी-२ वर बढती मिळते. शक्य तेवढी इथूनच शिकून जा. दुसरी, कागद. आयटीआयची गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले, अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र, सगळं जपा. बापाच्या गॅरेजमध्ये दहा वर्षं काम केलं असेल तरी एक रीतसर परीक्षा देऊन ठेवा. तिसरी, तिथे गेल्यावर झटपट पैशासाठी गोदामात शिरण्याआधी आउसबिल्डुंगचा विचार करा. तीन वर्षं ओढाताण होते, पण नंतरची तीस वर्षं वेगळी जातात. चौथी, घरातल्या मुलींची आणि बायकांची भाषेची तयारी पहिल्या दिवसापासून बरोबरीने करा. तो ३५ टक्क्यांचा आकडा सरकारी कचेऱ्यांत आणि पाळणाघरांच्या रांगांत जितका तयार झाला, तितकाच घरातही तयार झाला.

आणि निर्वासितांबद्दल कुणी पुन्हा तो 'बसून खातात'चा मेसेज पाठवला, तर त्याला ७६ टक्क्यांचा आकडा कळवा. सोबत पगाराचा आणि ३५ टक्क्यांचाही कळवा. अर्धा हिशोब सांगणं आपल्यालाही शोभत नाही.